माझ्या चेहऱ्याचं स्टिकर

दहावीत वर्गातल्या एका मुलीनं माझ्या रडक्या चेहऱ्याचं व्हॉट्सॲप स्टिकर बनवलं. वर्गातल्या मुलामुलींच्या ग्रुपवर ते दिवसभर फिरायचं. शेवटी मी धीर करून प्रिन्सिपल मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "ग्रुप शाळेचा नाही, फोन तुमच्या घरचे. मी कुणाला काय सांगू?"

त्याच संध्याकाळी राजारामपुरीत क्लासबाहेर स्टिकर बनवणारी ती मुलगी मैत्रिणींसोबत उभी होती. मला बघून एकीनं ते स्टिकर दाखवत फोन वर धरला आणि सगळ्या खिदळल्या. शाळेत मराठी बोललं की डायरीत शेरा यायचा, त्यामुळे तिथं मी इंग्रजीतच बोलायचे. पण भांडायचं इंग्रजी मला कुणी शिकवलंच नव्हतं. तोंडातून थेट घरचं कोल्हापुरी बाहेर पडलं, "काढ ते! आत्ता, माझ्यासमोर! थोबाड माझं हाय, तुझ्या बाचं न्हाय!"

रिक्षावाले वळून बघायला लागले. ती पुटपुटली, "एवढं काय चिडतीस गं, काढते की." आणि माझ्यासमोर तिनं ग्रुपवरची सगळी स्टिकरं पुसली.

कुणाच्या तरी फोनमध्ये ते अजून असेलही. त्या दिवशी मात्र मी बससाठी थांबलेच नाही. छाती धडधडत होती, हसू आवरत नव्हतं आणि मी घरापर्यंत जवळजवळ पळतच गेले.