सासऱ्यांच्या आंघोळीचं पाणी, साठ अंश

माझ्या सासऱ्यांनी एका रविवारी माझ्या कोंबडीच्या पाण्याने आंघोळ केली, आणि चूक सर्वस्वी भांड्याची होती. (निदान मी तसं म्हणतो.)

महिनाभर व्हिडिओ पाहून मी सू-वीडचं मशीन मागवलं होतं. कोंबडी पिशवीत हवाबंद करून पाण्यात सोडायची, आणि दांडीसारखं हे मशीन त्या पाण्याला दोन तास बरोबर साठ अंशांवर धरून ठेवतं. नेमके तेव्हाच सासरे, म्हणजे अण्णा, पुण्याहून आमच्याकडे नोएडाला आलेले. अण्णांनी आयुष्यात अंडंसुद्धा खाल्लेलं नाही. ते असेपर्यंत घरात मांसाहार बंद, असं मी बायकोला, मीराला, कबूल केलं होतं.

पण त्या रविवारी सकाळी अण्णा टॉवेल घेऊन निघाले. पाहुण्यांच्या बाथरूममधला गीझर आदल्या दिवशी बंद पडला होता आणि थंडी मरणाची होती.

"रॉड लावून बादलीभर पाणी तापवतो की," मी म्हणालो.

"नको, जावईबापू. दिल्लीत कोपर्निकस मार्गावर गेस्ट हाउसमध्ये माझा मित्र उतरलाय. आंघोळ तिथेच, जेवणही तिथेच. संध्याकाळी येतो."

दार लागलं आणि मी फ्रीजरमध्ये मागे दडवलेली कोंबडी बाहेर काढली.

"निखिल, यार, तू कबूल केलं होतंस," मीरा म्हणाली.

"संध्याकाळपर्यंत वाससुद्धा राहणार नाही."

"ठीक आहे. पण माझं एकही भांडं मिळणार नाही."

तरी मी दोन लपवून वापरून पाहिली. कुकर उथळ निघाला. मशीन त्यात बुडेचना. मोठ्या पातेल्याच्या काठाला मशीनचा चिमटा बसेना. पिठाच्या डब्याकडे मी नुसतं पाहिलं, तर मीरा डब्यासमोर येऊन उभी राहिली. मग मला नवी कोरी बादली दिसली. खोल, सरळ काठाची, चिमटा घट्ट बसणारी. फक्त ओट्यावर बादली ठेवायला मीराने साफ नकार दिला. म्हणून मी ती पाहुण्यांच्या बाथरूममध्ये ठेवली; बंद गीझरचा प्लग रिकामाच होता. पाणी भरलं, कोंबडी सोडली, बटण दाबलं आणि लिंबं आणायला खाली गेलो.

तासाभराने वर आलो तर दारात अण्णांचे बूट.

मीरा हॉलमध्ये कानात हेडफोन घालून ऑफिसच्या कॉलवर होती. तिला काहीच पत्ता नव्हता. बाथरूममधून तांब्याचा आवाज येत होता.

"जावईबापू, आलात का?" आतून अण्णा म्हणाले. "मित्र आग्र्याला गेलाय असं वाटेतच कळलं, परत आलो. पण तुम्ही न सांगता पाणी तापवून ठेवलंत, फार बरं वाटलं. बटण बंद करून, थोडं गार पाणी मिसळून मगच हात घातला हं."

माझ्या हातातली लिंबं खाली पडली.

"आणि ही औषधी पाल्याची पिशवी कुठून आणलीत? गुडघ्याला इतका छान शेक बसलाय म्हणून सांगू."

(पाला म्हणजे मी हौसेने घातलेली कोथिंबीर. अण्णांचा चष्मा बाहेर बेसिनवर होता.)

मीराने हेडफोन काढला. मी कुजबुजत सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकली. "खरं सांग त्यांना. आत्ता."

मी दाराला तोंड लावून खरं सांगितलं. तांब्याचा आवाज थांबला. मग टॉवेल गुंडाळलेले अण्णा पिशवी दोन बोटांत लांब धरून बाहेर आले.

"म्हणजे मी कोंबडीने गुडघा शेकला?"

"पिशवी हवाबंद आहे, अण्णा. पाण्याला काहीही लागलेलं नाही. चूक माझी आहे."

"पाण्याचं राहू दे. ही तुम्ही खाणार होतात?"

"हो."

"अजूनही खाणार?"

मी पिशवीकडे पाहिलं. अण्णांनी मीराकडे पाहिलं. माझ्या मांसाहाराचा बसला नव्हता एवढा धक्का त्यांना या कल्पनेचा बसला. "माझ्या गुडघ्यावरची?" ते एवढंच म्हणाले आणि नळाच्या थंड पाण्याने पुन्हा आंघोळ करायला आत गेले. दुपारी तिघांनी मुकाट्याने वरणभात खाल्ला.

अण्णा माझ्यावर रागावले नाहीत. जाताना फक्त म्हणाले, "ते मशीन मी नेतो. पाणी इतकं बेताचं मला कधी जमलं नाही." मीच ते त्यांच्या बॅगेत भरून दिलं. पुण्यात ते आता रोज बेचाळीस अंशांवर आंघोळ करतात.

मी मात्र धडा घेतला. बाजारात हिंडून बारा लिटरचा, खोल, सरळ काठाचा, झाकणाचा पारदर्शक डबा आणला. त्यात सध्या पापड असतात. मीरा सगळ्यांना सांगते की निखिलला भांडी निवडण्यातलं फार कळतं; एकही पापड अजून सादळलेला नाही.