टाकीचा उसासा

चूक माझीच होती. माझी हवेवर थंड होणारी जुनी गाडी सारखी बंद पडे, म्हणून मी चार गिऱ्हाइकांसमोर मेकॅनिक बाबूरावांना म्हणालो, "तुम्ही बसवलेला फ्युएल पंपच भिकार आहे."

त्यांनी पंपाच्या नळीला पेट्रोलच्या दाबाचा मीटर लावून इंजिन चालू केलं. काटा हळूहळू खाली बसला. त्यांनी टाकीचं झाकण उघडून त्याखालची पिशवी काढताच टाकीने मोठा उसासा टाकला आणि काटा उठला. पेट्रोलचा वास येऊ नये म्हणून ती दुधाची पिशवी मीच टाकीच्या तोंडावर रबरबँडने ताणून बसवली होती.

"साहेब, आत हवा गेली तर पेट्रोल बाहेर येईल ना? श्वास तरी घेऊ द्या तिला!"

घरात माझ्यासमोर बोलता बोलता बंद पडणारी माणसं मला आठवली.

पिशवी खिशात कोंबून मी त्याच चौघांसमोर म्हणालो, "बाबूराव, पंप उत्तम आहे. माझं चुकलं, माफ करा."