ग्वाल्हेरला चेन बसवायला गेलो

लोक ग्वाल्हेरला किल्ला बघायला जातात. मी दिवाळीनंतर पिशवीत पाने, स्क्रू-ड्रायव्हर आणि एक नवी कोरी चेन घालून गेलो, ते आत्याच्या सायकलसाठी.

झालं असं, की आत्येभाऊ मिलिंदचा फोन आला. "दादा, आई इंदरगंजच्या चौकात सायकलवरून पडली. चेन स्लिप झाली म्हणते. मी तर सांगून दिलं, बस, आता सायकल बंद. रविवारी कबाडीवाल्याला देऊन टाकतो." हाड मोडलं नव्हतं, कोपर तेवढं सोलपटलं होतं. आत्या बहात्तर वर्षांची. तीस वर्षं ती याच सायकलवरून शाळेत शिकवायला गेली आणि चौथीपर्यंत मी तिच्या मागे कॅरियरवर बसून त्याच शाळेत गेलो. तिची पाठ, अंबाड्यातली आकड्याची पिन आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा मला आजही पाठ आहे. ती सायकल भंगारात जाणार हे ऐकून मी मिलिंदला म्हटलं, मी येईपर्यंत थांब. शिवाय पुण्यात रविवारी मित्रांच्या सायकली दुरुस्त करतो म्हणून मला थोडी शिंगंही फुटली होती. म्हटलं, चेन म्हणजे काय, तासाभराचं काम.

पुण्याहून थेट गाडी आहे, साधारण एक दिवस लागतो. थंडीत जाणार असाल तर स्वेटर न्याच. स्टेशनबाहेर ई-रिक्षा मिळतात, पण बसायच्या आधी भाडं ठरवून घ्या. मी "शिंदे की छावनी" म्हणालो आणि माझ्या हिंदीला मराठी वास येतो हे ओळखून रिक्षावाल्यानं दुप्पट सांगितलं. लहानपणची हिंदी बाहेर काढल्यावर निम्म्यावर आला.

आत्या दारातच उभी होती. "आलास? गाडी लेट होती का रे? आधी चहा पी. सायकल कुठे पळून नाही जाऊन राहिली."

मिलिंद ऑफिसात होता. चहा पिताना मी विचारलं, पडलीस कशी? आत्यानं उगाचच स्वयंपाकघराकडे बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"मिलिंदला सांगू नको. चेनचं मी असंच सांगितलं. सिग्नल सुटला, मी पायडल मारलं, आणि पायाखाली काही नव्हतंच. एकदम खाली. पायातला जोरच निघून गेला रे. सायकल जाऊ दे आता. तिला मीच भितेय."

आत्याला भीती वाटते हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मी पाना घेऊन अंगणात गेलो.

एका गिअरची सायकल असेल तर तुम्हीही हे घरी बघू शकता. आधी चेन मधोमध बोटानं दाबायची. अर्धा-पाऊण इंच खेळली तर ठीक, इथे चांगली दोन इंच लोंबत होती. मागच्या चाकाचे नट सैल करून चाक मागे ओढलं, दोन्ही बाजूंनी सारखं आहे ना बघितलं, नट आवळले. गल्लीत चालवून पाहिली. तिसऱ्या पायडलला पाय खाली गेला आणि माझा गुडघा हँडलवर आपटला. मग चेन बदलली. जुनी ताणली गेली होतीच. दाते तपासले, ते झिजले नव्हते. आत्याची सायकल पूर्ण चेनकव्हरची, म्हणून कव्हर परत बसवून पुन्हा चालवली. पुन्हा तोच गुडघा.

"बघ," आत्या ओट्यावरून म्हणाली, "सायकल पण गेली, माझ्या पायासारखी." तिला त्यात समाधान वाटलं की वाईट, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला आणि सायकलीला घेऊन दाना ओली नावाच्या बाजारगल्लीत गेलो. वाटेत कचोरी खाल्ली. वर हिंग घातलेली बटाट्याची पातळ भाजी ओततात, द्रोण हातात धरून उभ्यानंच खायची. ग्वाल्हेरला आलात तर हॉटेलचा नाश्ता सोडा आणि हे खा.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारे सायकलवाले बसतात. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी आत्याला स्टूल दिलं आणि माझी सगळी कहाणी ऐकून घेतली. हत्यार मात्र उचललं नाही. कव्हर उघडलं, खडूनं चेनच्या एका कडीवर आणि तिच्याखालच्या दात्यावर खूण केली, आणि मला मागचं चाक घट्ट धरायला सांगून पायडल हातानं दाबलं. पायडल सरळ खाली गेलं. चाक माझ्या हातात हललंसुद्धा नाही.

"अब निशान देखो, भैया. चेन जिस दाँते पे थी, उसी पे है. चेन फिसली ही नहीं. अंदर फ्रीव्हील के कुत्ते चिपक गए हैं."

फ्रीव्हीलच्या, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चकतीच्या, पोटात दोन बारीक खटके असतात, त्यांना हे लोक कुत्ते म्हणतात. पायडल मारलं की ते चाकाला धरतात, थांबलं की टिकटिकत सोडतात. इथे ते चिकटून बसल्यामुळे चाकाला धरतच नव्हते. उस्तादांनी आतला चिकटा बोटावर घेतला, हुंगला आणि चेहरा वाकडा केला.

"इसमें ये दीये का तेल कौन डालता है?"

आत्यानं माझ्याकडे बघितलं.

आमचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेतले. खंडेनवमीला हत्यारांची पूजा अजून होते, पण तलवार वाटणीत दुसऱ्या घराकडे गेली. म्हणून आमच्या पाटावर विळी, कात्री, हातोडी आणि पाटाशेजारी आत्याची सायकल. पूजा झाली की समईत उरलेलं तेल तिच्या मागच्या चाकात घालायचं, ही अक्कल माझी. आठ वर्षांचा होतो, तेल वाया जाऊ नये असं वाटलं, आणि सगळ्यांनी कौतुक केलं. पुण्याला गेल्यावरही मी दर खंडेनवमीला फोन करून विचारायचो, "आत्या, समईचं तेल घातलंस ना?" आणि ती आजतागायत घालत आली. दोन-तीन वर्षांपूर्वी सायकलची टिकटिक बंद झाली, तेव्हा तेल छान मुरलं म्हणून मीच शाबासकी दिली होती.

हे सगळं उस्तादांना सांगताना कान गरम झाले. आत्याचं मात्र लक्ष दुसरीकडेच होतं. ती स्टुलावरून उठली.

"यानी मेरा पैर नहीं था?"

"पैर तो आपका मजबूत है, अम्माजी. जोर लगाया, तभी तो खाली गया."

आत्यानं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय, रडत होतीही. मग हसायलाच लागली. "मेल्या, तुझ्या तेलानं पडली होय रे मी! आणि इतके दिवस रोज देवासमोर पाय चेपत बसली!"

उस्तादांनी फ्रीव्हील उतरवून डिझेलमध्ये बुडवलं, ब्रशनं घासलं आणि मशीनच्या तेलाचे मोजून दोन थेंब घातले. नव्याची गरज नाही म्हणाले. चाक फिरवलं आणि इतक्या वर्षांनी टिकटिक ऐकू आली. कॅरियरवर बसून मी हाच आवाज मोजायचो.

संध्याकाळी आत्याला विचारून मिलिंदला सगळं सांगितलं. त्याचंही चूक नव्हतं. "सायकल ठीक झाली दादा, पण उमर थोडीच कमी झाली? उद्या पुन्हा पडली तर मी काय करू?"

"पडली तर उठेन," आत्या पोळी लाटता लाटता म्हणाली. "आणि कबाडीवाला आला तर त्याला तुझं ते व्यायामाचं मशीन दे. तसंही त्यावर टॉवेलच वाळतात."

मिलिंद हसला, पण हो म्हणाला नाही. मी निघालो तोवर आत्या सायकलवर बसलीही नव्हती. नुसती हातात धरून अंगणात दोन फेऱ्या मारल्या, बस.

पुण्याला परतताना एकच गोष्ट डाचत राहिली. वर्षानुवर्षं मी तिला फोनवर एकच प्रश्न विचारला, तो माझ्या लहानपणाचा. ती कशी आहे, काही दुखतं का, कशाची भीती वाटते का, हे कधी विचारलंच नाही. त्या तेलाच्या थेंबात मला माझं ग्वाल्हेर भेटायचं. पाय मात्र तिचा खाली जात होता.

रविवारी सकाळी न राहवून फोन लावला. म्हटलं, आज फक्त तिची विचारपूस करायची. मिलिंदनं उचलला.

"आई घरी नाहीये, दादा."

"कुठे गेली?"

"काय माहीत. सांगून नाही गेली." अंगणाचं दार उघडल्याचा आवाज आला. "सायकल पण नाहीये."