नुसता नमस्कार

१२ जानेवारी, रविवार. मटार सोलत बसले होते. समोर माझी भाची केतकी लॅपटॉप उघडून बसलेली. ती सॉफ्टवेअर लिहिते आणि दर दोन-तीन महिन्यांनी प्रोग्रामिंगची नवी भाषा शिकायला घेते. पडद्यावर पुन्हा तीच पहिल्या धड्यातली ओळ उमटली: नमस्कार, जग.

"सहावी भाषा, मावशी!"

"आणि दवाखान्याचं काय झालं?"

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पेशंटना वेळ देणारं सॉफ्टवेअर केतकीनंच लिहिलंय. ते दोघांना एकच वेळ देतं, आणि शिव्या खाते काउंटरवरची शबाना.

"तो दोष जुन्या भाषेचा आहे गं. सगळं या भाषेत नव्यानं लिहिलं की सुटेल."

"मागच्या भाषेच्या वेळीही हेच म्हणाली होतीस."

ती हसली. मी शेंगा सोलत राहिले. दारोदार नमस्कार करत हिंडणाऱ्याची गावभर ओळख असते, पण कुठल्या घरात काय दुखतंय हे त्याला ठाऊक नसतं. कामापुरती एखाद-दुसरी भाषा जास्त शिकावी, माझी ना नाही. पण अडलेलं काम टाकून पुढची भाषा धरणं हा सरळसरळ पळपुटेपणा आहे. आणि असं पळणाऱ्यालाच हुशार म्हणायची हल्ली पद्धत पडली आहे.

सोमवारी सकाळी मी केतकीला दवाखान्यात नेलं, लॅपटॉपसकट काउंटरमागे बसवलं आणि शबानाला सांगितलं, "भांडायला येणारा प्रत्येक पेशंट आता हिच्याकडे पाठव. दुरुस्त होईपर्यंत हिला उठू देऊ नकोस."