मॅडमना वास सांगताना

“थांबा जरा, तिला बोलू द्या.” डावा हात वर करून मॅडमनी एवढं म्हटलं की वायनरीत सगळे गप्प. ‘ती’ म्हणजे ग्लासातली वाईन. बाहेर ट्रॅक्टर धडधडत असला तर ड्रायव्हर तोही बंद करायचा. मग मॅडम ग्लासात नाक घालून उभ्या राहायच्या आणि आम्ही गाभाऱ्यासमोर उभे असल्यासारखे हात बांधून उभे.

पारनेरच्या पठारावर, शेततळ्याच्या कडेला त्यांची छोटी वायनरी. मी तिथं केमिस्ट. माझ्या गावी, काष्टीला, आईनं भावकीत सांगून ठेवलं होतं की पोरगा द्राक्षाच्या रसाच्या फॅक्टरीत आहे. आता ते खोटं तरी कसं म्हणणार?

तुम्ही म्हणाल, द्राक्षं चिरडली, आंबवली, झाली वाईन. मलाही आधी तसंच वाटायचं. पण आपल्याकडचं ऊन मोठं खट्याळ. ते शिराझच्या द्राक्षात साखर भरभरून आणतं आणि आंबटपणा पळवून लावतं. नुसत्या शिराझची वाईन म्हणजे गोडगोड बोलून चहा न घेताच निघून जाणारा पाहुणा. कॅबरने नावाची दुसरी जात तिला शिस्त लावते, पण ती जास्त पडली की घरात हेडमास्तर आल्यासारखं होतं. दोघींचं जुळवायचं, आणि दर वर्षी नव्यानं. मॅडम हुंगायच्या, घोट जिभेवर फिरवून थुंकायच्या, पुन्हा ओतायच्या. आणि जमलं की असं जमायचं, की मी ग्लास हातात धरून नुसता बघत राहायचो. माणसाला हे येतं तरी कसं, असं वाटायचं.

कोरोना झाला आणि मॅडमचा वास गेला. बाकीच्यांचा आला, त्यांचा आलाच नाही. फोडणीचा नाही, फिनेलचा नाही. जिभेला आंबट, तुरट, कडू तेवढं कळे. टाक्या तर भरून तयार. एका सकाळी त्या मला म्हणाल्या, “यंदाचं मिश्रण जमलं नाही तर मी वायनरी बंद करते. अंदाजानं केलेली वाईन मला विकायची नाही.”

मी समजूत घालायला लागलो, तर त्यांनी मला गप्प केलं आणि छबुबाईला बोलवायला धाडलं. छबुबाई म्हणजे द्राक्षतोडणीच्या बायकांची मुकादम. गळ्यात माळ, वाईनचा थेंब ओठाला लावणार नाही. पण हुंगायला देवाची ना नाही, असा तिनंच निकाल दिला आणि पदर खोचून टेबलाशी बसली.

मॅडम डोळे मिटून बसल्या. छबुबाईनं शिराझ हुंगली आणि सांगितलं, झाडाखाली जांभळं पडून पायाखाली चिरडतात तसा वास हाय. कॅबरनेला म्हणाली, ढोबळी मिरची चिरल्यावानी. मला विचारलं तेव्हा मी काष्टीच्या बाजारातल्या नव्या वहाणांचा वास सांगितला. मॅडम मान हलवत ऐकायच्या, घोट जिभेवर धरायच्या आणि मापात थोडं इकडचं, थोडं तिकडचं ओतायच्या.

दुपारपर्यंत काही जमेना. मग एका ग्लासाशी छबुबाई बराच वेळ थांबली.

“ह्यात कायतरी न्हाई, बाई. वास येतो आन् मधीच संपतो.”

मॅडमनी डोळे उघडले. “मलाही जिभेवर तिथंच खड्डा लागतोय,” त्या म्हणाल्या. कोपऱ्यातल्या लहान टाकीत टेम्प्रानियो नावाच्या द्राक्षाची थोडी वाईन पडून होती. मी ती विसरूनही गेलो होतो. त्यांनी तीच मागवली आणि जेमतेम दोन चमचे घातली. छबुबाईनं पुन्हा हुंगलं. “आता घर भरलं,” म्हणाली.

मी चव घेतली. खरं सांगतो, अंगावर काटा आला. एकीचं नाक, एकीची जीभ, आणि ग्लासात काय उतरलं होतं! मॅडम रडत होत्या, आणि छबुबाई त्यांना पदरानं वारा घालत होती.

त्या वाईनचं नाव झालं. वायनरी चालू राहिली. वास मात्र कधीच परत आला नाही.

यंदा मॅडम आजारी होत्या. मिश्रण मी एकट्यानं केलं आणि बाटली घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी उशीला टेकून घोटभर तोंडात धरली. चांगलं आहे म्हणाल्या, पण घाबरून मी कॅबरने जास्त घातली होती, ते त्यांनी लगेच ओळखलं. “कमी कर आणि मग ये. आणि वास नीट सांग, घाईत नको.”

मी कमी केली. वास कसा सांगायचा ते वाटभर मनाशी घोकत गेलो. अंगणात पोचलो तर दाराशी चपलाच चपला. आत मॅडमना खाली जमिनीवर निजवलं होतं.

उंबऱ्याशी छबुबाई बसली होती. तिनं बाटली माझ्या हातातून घेतली, बूच काढून नाकाशी धरली. मग ती आत गेली, मॅडमच्या कानाशी वाकली, आणि घाई न करता बोलत राहिली.