जोतिबाच्या डोंगरावर ऐकलेला आजोबांचा आवाज

त्या वर्षी मी रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावत होते, पण हात जोडत नव्हते. दिवा लावणं सवयीनं व्हायचं. हात जोडायला मन लागतं, आणि ते माझ्याजवळ उरलं नव्हतं. आजोबांना अर्धांगाचा झटका आला होता. त्यातून ते वाचले, काठीच्या आधारानं उजवा पाय ओढत चालूही लागले, पण वाचा गेली ती गेलीच. बोललेलं सगळं त्यांना कळायचं. उत्तर द्यायला तोंड उघडायचे, ओठ थरथरायचे, आणि मग ते मान फिरवून खिडकीबाहेर बघत बसायचे. देवाला घ्यायचंच होतं तर दुसरं काहीही घ्यायचं होतं, या माणसाचा आवाजच का घेतला, हा प्रश्न माझ्या मनातून हलत नव्हता.

कारण आजोबा म्हणजे आवाज होते. हातकणंगल्याजवळच्या एका गावात त्यांनी सारी नोकरी हायस्कूलमध्ये केली. वर्गात गणित शिकवायचे आणि शाळा सुटली की मैदानावर मुलींना खो-खो शिकवायचे. ज्या काळात मुलगी मैदानावर पळते म्हटल्यावर लोक नाकं मुरडायचे, त्या काळात ते घरोघर जाऊन ओसरीवर ठाण मांडून बसायचे. "पोरगी पळती म्हणून घराची अब्रू जात न्हाय. चहा घ्या म्हणू नगा, आधी हो म्हणा," असं सरळ सांगायचे. त्यांनी कधी शिट्टी वापरली नाही. मैदानाच्या या टोकाला उभं राहून हाक मारली की त्या टोकाची मुलगी जागच्या जागी वळायची, आणि रस्त्यानं चाललेला एखादा सायकलवालाही ब्रेक दाबायचा. बाबा मी लहान असतानाच गेले. मला आणि आईला आजोबांनीच सांभाळलं, आणि मीही त्याच आवाजाच्या धाकात आणि मायेत वाढले. मला ते कधी नावानं हाक मारत नसत. त्यांच्या खेळाडूंसारखीच मीही 'पोरी' होते.

आजारपणात आम्ही त्यांना कोल्हापूरला माझ्या घरी आणलं. वाचा परत यावी म्हणून बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या, चांगल्या होत्या बिचाऱ्या. गाय, कप, कुलूप अशी चित्रं दाखवून त्या शब्द म्हणवून घ्यायच्या. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांची पोरं फळ्यापुढे उभी केली, त्या माणसापुढे गाईचं चित्र धरताना माझाच जीव कानकोंडा व्हायचा. आजोबा थोडा वेळ प्रयत्न करायचे आणि मग डोळे मिटून घ्यायचे. डॉक्टर म्हणाले, "वेळ जाईल. किती येईल ते सांगता येत नाही." पावसाळा गेला, दिवाळी गेली, एक शब्द आला नाही.

दिवाळीनंतर आजोबा भिंतीवरच्या जोतिबाच्या तसबिरीकडे बोट दाखवू लागले. जोतिबा आमचं कुलदैवत. आई म्हणाली, "मामंजींना डोंगरावर जायचंय." माझी इच्छा नव्हती. एवढ्या पायऱ्या, गर्दी, आणि जाऊन मागायचं तरी काय? पण ते रोज बोट दाखवत राहिले, तेव्हा एका सकाळी मी गाडी काढली. खरं सांगायचं तर वाटेत एक आशा मनात शिरलीच होती. देवापुढे सगळे 'चांगभलं' म्हणतात. जन्मभर ओठांवर असलेला तो एक शब्द त्यांच्या तोंडून निघेल, असं मला वाटत होतं.

गाडी वर लावून, दुकानांच्या मधून, आई एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं धरून आम्ही त्यांना पायऱ्यांनी खाली देवळात नेलं. रांग सरकत गेली. गाभाऱ्यासमोर आलो. चारी बाजूंनी 'जोतिबाच्या नावानं चांगभलं'चा गजर उठला, गुलाल उडाला. मी देवाकडे पाहिलंच नाही, आजोबांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते शांत उभे होते. ओठ हलले नाहीत, साधे थरथरलेही नाहीत. मागच्या लोकांनी पुढे ढकललं आणि आम्ही बाहेर आलो. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते भक्तीचं नव्हतं. झालं, इथंही काही नाही, असं मी मनात म्हटलं.

आई नैवेद्य द्यायला गेली. दीपमाळेजवळच्या कट्ट्यावर आजोबांना बसवलं, "इथंच बसा," म्हणून बजावलं आणि मी चपला आणायला वळले. परत आले तर कट्टा रिकामा.

हरवलेलं लहान मूल निदान रडतं, आपलं नाव सांगतं. माझे आजोबा कुणाला काही सांगू शकत नव्हते. मी देवळाभोवती धावत फिरले, भेटेल त्याला विचारत सुटले, "पांढरी टोपी, धोतर, हातात काठी, बोलता येत नाही त्यांना." नैवेद्य देऊन परतलेली आई एका खांबाला टेकून नुसती 'देवा, देवा' करत होती. माझ्या तोंडून मात्र तेव्हा देवाचं नाव निघालं नाही. शेवटी दमून मी पायरीवर बसले. मनात एवढंच आलं, आता माझ्या हातात काही नाही, तूच बघ. मागणं म्हणावं असंही ते नव्हतं. ओझं उचलून थकलेला माणूस जसं ते खाली ठेवतो, तसं झालं.

तेवढ्यात कडेवर मूल घेतलेली, हिरव्या साडीतली एक बाई माझ्याजवळ थांबली. कपाळ गुलालानं भरलेलं होतं. "म्हातारं बाबा हुडकतायसा व्हय, ताई?" ती म्हणाली. "वर गेलं की! सारखं वर हात करत हुते. मला वाटलं गाडी वर असंल. मीच हाताला धरून पायऱ्या चढवून सोडलं." मी तिचे हात धरले की नुसतीच उठून पळाले, आठवत नाही. तिचे आभार मानायचे राहिले ते राहिलेच.

पायऱ्या चढून, दुकानं ओलांडून मी गाड्या लावतात त्या मोकळ्या जागेकडे आले आणि माझे पाय थांबले. आधी दिसलं काहीच नव्हतं, ऐकू आलं होतं.

"खो मिळू दे! मग ऊठ!"

तोच आवाज. थोडा घोगरा, एका बाजूला कललेला, पण तोच.

गाड्यांच्या पलीकडे शाळेच्या मुली खो-खो खेळत होत्या. मैदानाच्या कडेला, काठी उंच धरून आजोबा उभे होते. त्यांच्याजवळ ट्रॅकसूटमधल्या एक बाई चकित होऊन हसत होत्या. "तुमचे व्हय हे बाबा?" त्यांनी विचारलं. "मघापासून गप उभे हुते. आमची ती दोन वेण्यांची पोरगी खो मिळायच्या आधीच उठती, सांगून सांगून मी दमले. ती उठली आणि बाबा असे वरडले, की पोरगी तर बसलीच, मीबी बसणार हुते!"

त्या मुलींना संध्याकाळी कोल्हापुरात सामना खेळायचा होता. डोंगरावर यायचं ठरलेलंही नव्हतं. बसचा ड्रायव्हर म्हणाला, देवाला हात जोडून जाऊ, म्हणून वळले. दर्शन झाल्यावर तो जेवायला गेला आणि मुली गप्प बसेनात, म्हणून बाईंनी त्यांना तिथंच खेळायला लावलं. मी बाईंना एवढंच सांगू शकले, "बाई, हे सात महिने बोललेले नाहीत." त्या वळून मुलींना म्हणाल्या, "चला गं, परत बसा. आज बाबा शिकवणार हायत."

मग मी पाहिलं ते डोळ्यांत साठवून ठेवलं आहे. 'बस', 'वळ', 'पळ', 'हां, असं!' मैदानावरचे शब्द एकामागून एक येत होते. खेळ संपल्यावर ती दोन वेण्यांची मुलगी पाया पडली. आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद द्यायला तोंड उघडलं, आणि शब्द पुन्हा अडकले. पण या वेळी त्यांनी मान फिरवली नाही. हसले. मग माझ्याकडे वळून काठीनं गाडीकडे दाखवत म्हणाले, "चल, पोरी." एवढ्यात आई धापा टाकत वर पोचली होती. तिनं ते ऐकलं आणि पदर तोंडाला लावून भर रस्त्यात खालीच बसली.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांना आनंद झाला, फार आश्चर्य वाटलं नाही. जन्मभर तोंडात बसलेले शब्द मेंदूत वेगळ्या जागी टिकून राहतात, असं होतं कधीकधी, असं ते म्हणाले. मला ते पटतं. पण पायऱ्यांच्या खाली, त्या गजरात, आजोबांना वर जायचं कसं सुचलं, हे पुढे ते बोलू लागल्यावर मी त्यांनाच विचारलं तेव्हा त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "पोरी खो देत हुत्या. ऐकू येत हुतं की!"

गाय, कप, कुलूप यांची चित्रं मी कपाटात ठेवून दिली. रोज संध्याकाळी आजोबांना जवळच्या शाळेच्या मैदानावर नेऊ लागले. मैदानाच्या वाटेनंच बाकीचे शब्द घरी आले. 'बस'वरून 'इथं बस' झालं, मग 'पाणी', 'चहा', मग आईला मारलेली हाक. सगळं आलं नाही, पण भांडण्यापुरतं, हसण्यापुरतं भरपूर आलं. जवळजवळ दोन वर्षं आम्हाला ते असे मिळाले. मागच्या हिवाळ्यात, सकाळचं ऊन अंगावर घेत खुर्चीत बसल्या बसल्या, ते शांतपणे गेले. घर ओकंबोकं झालं, पण मनात कडवटपणा राहिला नाही.

आता मी हात जोडते. खो-खोत बसलेल्या खेळाडूला मागून कोण येतंय ते दिसत नाही. त्यानं तयारीत बसायचं आणि पाठीवर थाप पडेपर्यंत उठायचं नाही. मी सात महिने आधीच उठून धावत होते, असं मला आता वाटतं.

एकदा मी आजोबांना विचारलं होतं, "त्या दिवशी देवापुढे उभे होता, तेव्हा काय मागितलंत?" त्यांनी बराच वेळ शब्द जुळवले.

"मागणार कसं? बोलायलाच येत नव्हतं," ते म्हणाले. "नुसता बघत हुतो. त्योबी बघत हुता. लई बरं वाटलं."