ग्राफ चढला, टाळ्या पडल्या

तीन माणसं एका जीपमध्ये काही वर्षं फिरली की किस्से आपोआप साठतात. सांगायला बसलं की एकातून दुसरा निघतो आणि चहा गार होतो. आमच्या जीपमधली तीन माणसं म्हणजे सुनंदाताई, वणीचा प्रवीण आणि मी. यवतमाळच्या एका छोट्या संस्थेत आम्ही कामाला होतो. कपाशीवर गुलाबी बोंडअळी तुटून पडली होती, ती वर्षं.

दारव्ह्याकडच्या एका गावात शेतकऱ्यांनी वावरात कामगंध सापळे लावले होते. त्यात अळीचे पतंग अडकायचे, ते मोजून आम्हाला कळवायचे. आम्ही त्या आकड्यांवरून गावाला पटवायचं की संक्रांतीपर्यंत सगळ्यांनी मिळून कपाशी उपटा. वेचणी झाल्यावरही पाणी देऊन उभी ठेवलेली कपाशी म्हणजे फरदड. ती एकानं जरी ठेवली, तरी अळी तिथं मुक्काम करते आणि पुढच्या हंगामात अख्ख्या गावाचं पीक खाते.

*

पहिली सभा समाजमंदिरात. मी नागपूरला शिकून आलेली, त्यामुळे ग्राफ अगदी झोकात काढला होता. पतंग दर आठवड्याला वाढत होते, म्हणून भिंतीवर हिरवी रेघ वर वर चढत गेली. ती टोकाला पोचली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या!

सरपंच उठून म्हणाले, "वा मॅडम! यंदा आपलं गाव लय पुढं गेलं."

कापसाच्या गावात वर जाणारी रेघ म्हणजे भाव, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. प्रवीण कानाशी येऊन म्हणाला, "बंद कर लवकर, नाहीतर हार घालतीन तुले."

*

पुढच्या सभेला मी रेघ लाल केली आणि सोबत सरासरी आणली. एका सापळ्यात सरासरी इतके पतंग, असं सांगितलं. नामदेवराव उभे राहिले. गावातलं सगळ्यात मोठं वावर त्यांचं, तेही मधोमध. आणि फरदड दरवर्षी ठेवणार म्हणजे ठेवणारच.

"माह्या सापळ्यात पतंग कमी, या शेजाऱ्याच्या सापळ्यात जास्त. मंग त्याचे पतंग तुम्ही माह्या नावावर कायले टाकून राह्यल्या?"

शेजारी खूश झाला. म्हणाला, "ठेवून घ्या ना जी. माह्याकडं लय झाले."

त्यानंतर त्या गावात मी सरासरी हा शब्द काढला नाही.

*

आमच्या भागात पोळ्याला तोरणाखाली बैल उभे केले की झडत्या म्हणतात. एकजण यमक जुळवून चार ओळी म्हणतो आणि सगळं गाव महादेवाचा गजर करतं. प्रवीणचा आवाज खणखणीत. त्या वर्षी पोळ्याला सुनंदाताईंनी माझ्या हातातला कागद काढून त्याला दिला. "हे आकडे तू सांग. हिचं कोणी ऐकत नाही."

प्रवीण पुढे झाला.

"पहिल्या हप्त्यात पाव्हना आला एक,
दुसऱ्या हप्त्यात सून अन् लेक,
तिसऱ्या हप्त्यात वरात आली दारी,
डोमकळ्या तोडा अन् मंग करा न्याहारी!"

डोमकळी म्हणजे अळी शिरल्यामुळे न उमललेलं फूल. दुसऱ्या दिवशी वावरावावरांत लोक डोमकळ्या तोडत होते. ग्राफ तोच होता, पण या वेळी वरात म्हणजे काय ते कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. झडती ऐकताना नामदेवराव तर हसून हसून डोळे पुसत होते. मी हळूच विचारलं, "मग यंदा फरदड नाही ना?"

"पोळ्याची गोष्ट पोळ्याले झाली, बाई."

*

एकदा बायकांची सभा होती आणि ऐन वेळी लाइट गेली. सुनंदाताईंनी सतरंजीवर बोंडांचे दोन ढीग लावले, एक चांगल्या बोंडांचा, एक किडक्यांचा. नामदेवरावांच्या घरच्या, शोभाकाकू, पुढे सरकल्या. चांगल्या ढिगातलं एक बोंड घेऊन फोडलं. आत गुलाबी अळी.

"हे तिकडं टाका," त्या म्हणाल्या.

मग सगळ्याच बोंडं फोडायला बसल्या. चांगला ढीग बघता बघता पलीकडे गेला. त्या दिवशी मी एक शब्दही बोलले नाही आणि माझं सगळ्यात चांगलं प्रेझेंटेशन झालं.

आता मी मोठ्या स्क्रीनसमोर उभी राहून बोलते. लोक विचारतात, आकडे इतके सोपे करून सांगायला कुठं शिकलात? मी नागपूरचं नाव घेते, कारण प्रमाणपत्र तिथलं आहे. पण त्या गावानं मला हसून, टोकून, पोटभर जेवू घालून जे शिकवलं, त्याचे उपकार माझ्यावर आहेत आणि ते मला रोज आठवतात.

*

संक्रांत आली. गावानं कपाशी उपटली होती, फक्त मधोमध नामदेवरावांचं वावर हिरवंगार उभं. लोक आम्हाला तोंडावर विचारत होते, "त्यायचीच ठेवाची होती, तं आम्ही काहून उपटली?" पुढच्या वर्षी आमचं कोणी ऐकलं नसतं, आणि अळी तर पुन्हा येणारच होती.

शोभाकाकूंकडे हळदीकुंकू होतं. सुनंदाताई रांगोळीची पाकिटं घेऊन गेल्या. अंगणात, अगदी दारासमोर, गावाचा नकाशा काढायचा ठरला. ज्याचं वावर रिकामं, त्याच्या घरच्या बाईनं ते पांढरं भरायचं. एकेक करत सगळं गाव पांढरं झालं. मधला मोठा चौकोन तेवढा राहिला. शोभाकाकूंनी गुलाबी पाकीट उचललं आणि तो स्वतःच्या हातानं भरला. आम्ही तिळगूळ घेऊन निघालो.

पुढचं काकूंनीच सांगितलं. संध्याकाळी नामदेवराव यवतमाळहून आले आणि अंगणात थबकले.

"हे गुलाबी कोनाचं?"

"पाहा, वळखू येते का."

त्यांनी खूप वेळ पाहिलं. रांगोळी तुडवायची कशी, म्हणून मागच्या दारानं घरात गेले. दुसऱ्या दिवशीही मागच्याच दारानं. काकू कोणाला ती झाडू देत नव्हत्या.

नंतर एका सकाळी सुनंदाताईंचा फोन वाजला. काकू होत्या.

"ताई, पांढरी रांगोळी हाये का हो थोडी? आमच्याकडची सरली."